सर्वांस सर्व किल्ल्या का देत नाहीत?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी, शाळा उघडून फार दिवस झाले नव्हते तोच, गंगाखेड तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा नववीच्या वर्गात होता. शाळेकडून प्रत्येक विद्यार्थ्यास अभ्यासासाठी संगणकावरील एक खाते मिळते, त्या खात्याविषयी त्यांची तक्रार होती. ते म्हणाले, "सर, लेकराला खातं दिलंत, लई बरं झालं. पण त्यात हे बंद, ते बंद. नवं ॲप जोडू म्हणलं तर नाही, मित्रांचा गट करू म्हणलं तर नाही. आमच्या पोरावर शाळेचा भरवसा नाही का?"

प्रश्न सरळ होता आणि मनास लागणारा होता. आम्ही त्यांस त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. परंतु हाच प्रश्न पुष्कळ पालकांच्या व त्याहूनही अधिक विद्यार्थ्यांच्या मनात असतो, असे आमच्या ध्यानात आले आहे. म्हणून या वार्षिकाच्या पृष्ठांतून त्याचा जरा सविस्तर विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. विषय यंत्राचा दिसला तरी त्याचे मूळ यंत्रात नाही. अधिकार कोणास, किती व का द्यावा, हा मनुष्यजातीचा जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम 'क्लाउड' या शब्दाचा उलगडा करू. क्लाउड म्हणजे मेघ; परंतु आपली माहिती काही आकाशात तरंगत नसते. मोठमोठ्या कंपन्यांनी जागोजागी भव्य इमारती बांधून त्यांत हजारो संगणक अहोरात्र चालते ठेवलेले असतात; त्यांस डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने अशी आपली केंद्रे सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्या देशात सुरू केली, तेव्हा त्यांतील एक पुण्यास व एक मुंबईस होते. तेव्हा परभणीच्या मुलाने लिहिलेला निबंध मेघात गेला असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ तो दूरच्या कोणत्या तरी इमारतीतील यंत्रात जाऊन बसला, एवढाच होय. त्या इमारतीत आपली शाळा एखाद्या भाडेकरूप्रमाणे राहते. इंग्रजीत अशा संस्थेस 'टेनंट' असाच शब्द योजितात. आपल्या मराठवाड्यात ज्यांनी कूळवहिवाटीचे कागद पाहिले आहेत, त्यांस हा शब्द परका वाटू नये. घर दुसऱ्याचे, पण त्यातील आपल्या खोल्यांची व्यवस्था आपण लावावयाची, असा हा प्रकार आहे.

आता अशा घरात शेकडो विद्यार्थी, शिक्षक व कारकून यांची ये-जा असावयाची म्हणजे दारावर कोणी तरी ओळख पटविणारा हवा. तो एक हजेरीपट ठेवतो व त्याच्याच शेजारी किल्ल्यांचा फळा ठेवतो. या व्यवस्थेस ओळख-व्यवस्थापन म्हणतात. मायक्रोसॉफ्टची ही व्यवस्था पूर्वी 'ॲझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी' या नावाने ओळखली जात असे. २०२३ साली तिचे नाव 'एन्ट्रा आयडी' असे झाले. गूगल कंपनीचीही शाळांसाठी अशीच योजना आहे. २०२० साली टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीशी सहकार्य केले, तेव्हापासून आपल्या राज्यातील अनेक घरांत तिची ओळख झाली.

हा द्वारपाल प्रत्येकास दोन प्रश्न विचारतो, आणि ते दोन्ही भिन्न आहेत हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात धरावे. पहिला प्रश्न, 'तू कोण?' आणि दुसरा प्रश्न, 'तुला येथे काय करण्याची मुभा आहे?' पासवर्ड हा केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. पुष्कळ लोक समजतात की पासवर्ड भक्कम ठेविला म्हणजे सर्व झाले. परंतु ओळख खरी असूनही अधिकार नसणे, ही गोष्ट जगात पदोपदी आढळते. पोस्टमन खरा पोस्टमन आहे म्हणून त्यास आपल्या तिजोरीची किल्ली कोणी देत नाही.

त्या दिवशी आम्ही हे सांगत असता ते गृहस्थ मध्येच म्हणाले, "म्हणजे सात-बाऱ्यासारखंच की!" आणि खरोखरच त्यांनी आमच्यापेक्षा उत्तम दृष्टान्त दिला. सात-बारा आता संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. परंतु पाहता येतो म्हणून बदलता येतो काय? जमीन विकली वा वारसांकडे आली, तर खातेदार वर्दी देतो. गावचे तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफाराची नोंद घेतात व हितसंबंधितांस नोटीस देतात. हरकतींचा विचार होऊन ती नोंद प्रमाणित करण्याचे काम मात्र मंडळ अधिकाऱ्यांसारख्या वरिष्ठाकडे असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० मध्ये ही पद्धत घालून दिली आहे. पाहण्याचा अधिकार एकाचा, सुचविण्याचा दुसऱ्याचा, लिहिण्याचा तिसऱ्याचा व मंजुरीचा चौथ्याचा. या विभागणीने तलाठ्याचा अपमान होतो असे कोणी म्हणत नाही. उलट, एकाच हाती सारे असते तर गरीब शेतकऱ्याची जमीन एका रात्रीत दुसऱ्याच्या नावे झाली असती, हे प्रत्येक शेतकरी जाणतो.

संगणकाच्या इतिहासातही हा धडा लवकरच शिकावा लागला, आणि तो शिकविणारा एक विद्यार्थीच होता. अमेरिकेतील एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेत १९६१ च्या सुमारास एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची योजना सिद्ध झाली व त्यासाठी प्रत्येकास पासवर्ड देण्यात आला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यास चारच तास मिळत. ते त्याच्या कामास पुरेनात. १९६२ साली त्याने एक युक्ती केली. छिद्रे पाडलेल्या कार्डावर फाइलीचे नाव लिहून दिले असता यंत्र ती फाइल छापून देत असे. त्याने सर्वांच्या पासवर्डांचीच फाइल मागितली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली! कुलूप शाबूत होते, पण किल्ल्यांची पेटी कोणीही मागावी व तिला मिळावी, अशी ती व्यवस्था होती. पुढे १९७५ साली जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर या विद्वानांनी एका प्रबंधात संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांतील एक असे की, प्रत्येक मनुष्यास व प्रत्येक प्रोग्रामास त्याचे काम पुरे होण्यापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा. यास किमान अधिकाराचे तत्त्व म्हणतात. आज जगातील सर्व जाणते व्यवस्थापक ते शिरोधार्य मानतात.

मानतात खरे, परंतु पाळतात काय? येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. नवे घर ताब्यात घेताना सगळी दारे बंद असतील अशी आपली समजूत असते. क्लाउडच्या घरात तसे नसते. काम चटकन सुरू व्हावे, प्रत्येक लहान गोष्टीसाठी व्यवस्थापकाकडे धाव घ्यावी लागू नये, या हेतूने कंपनी पुष्कळ दारे पहिल्यापासून उघडीच ठेवते. एन्ट्रा आयडीचेच उदाहरण घ्या. तेथे मुद्दाम काही बदल केला नाही, तर सामान्य सदस्यासही संस्थेच्या यादीतील इतर सदस्यांची नावे व माहिती वाचता येते. नवे ॲप नोंदविता येते. सुरक्षा-गट निर्माण करता येतात. बाहेरच्या पाहुण्यास आमंत्रण देता येते. इतकेच नव्हे, तर एक नवीन स्वतंत्र टेनंट उभारता येतो, व जो तो उभारतो तोच त्याचा सर्वाधिकारी होऊन बसतो. मोठ्या कचेरीतील जाणत्या कर्मचाऱ्यांस ही मोकळीक कदाचित सोयीची असेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या शाळेत ती तशीच राहू देणे म्हणजे व्यवस्था नसून व्यवस्थेचा अभाव होय.

या मोकळिकींपैकी सर्वांत फसवी जी आहे ती संमतीची. एखादे ॲप आपल्यापुढे एक कागद धरते: मला तुमची पत्रे वाचू द्या, तुमच्या ओळखीच्यांची नावे पाहू द्या, तुमच्या नावे पत्र पाठवू द्या. खाली 'मान्य' असे बटण असते. ते दाबले की आपण आपली किल्ली त्या ॲपच्या हाती दिली. यात पासवर्ड चोरीस जात नाही. म्हणून नंतर पासवर्ड बदलूनही पुष्कळदा उपयोग होत नाही, दिलेली संमतीच काढून घ्यावी लागते. ३ मे २०१७ रोजी असेच घडले. ओळखीच्या मनुष्याने दस्तऐवज पाठविला आहे अशा आशयाची पत्रे जगभर असंख्य लोकांस आली. दुव्यावर जाताच गूगलचेच खरे पान उघडे. मात्र संमती मागणाऱ्या ॲपने 'गूगल डॉक्स' हे नाव नुसते पांघरले होते. ज्याने मान्य म्हटले त्याच्या ओळखीच्या सर्वांस तेच पत्र पुढे जाई. गूगलने सुमारे एका तासात ते थांबविले; तथापि एका तासात ते किती दूर पसरले, हे पाहून भलेभले चकित झाले.

अशीच एक लहान गोष्ट, आम्ही पूर्वी ज्या एका शाळेत होतो तेथे घडली. ती लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, तरी लिहिणे कर्तव्य आहे. आठवीतील एका मुलाने खेळाचे एक ॲप पाहिले. 'शाळेच्या खात्याने प्रवेश करा' असे तेथे होते. इंग्रजीतील लांबलचक मजकूर न वाचता त्याने मान्य म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वर्गातील मुलामुलींस व शिक्षकांस त्याच्या नावाने भलभलती आमंत्रणे गेली, आणि आणखी काही मुलांनी तीच चूक केली. त्या मुलास वर्गात उभे करून सर्वांदेखत रागे भरण्यात आले. रागावणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. मग संगणकाचे काम पाहणाऱ्या शिक्षकांनी व्यवस्था तपासून पाहिली, तेव्हा कळले की त्याने एकही बंद दार फोडले नव्हते. जे दार त्याच्यासाठी बंद असावयास हवे होते, ते आम्ही वडील माणसांनी उघडे ठेविले होते. ज्या मुलास वाचून उमजण्यासारखा नाही असा कागद आम्ही सही करण्यास पुढे ठेविला, त्याच मुलास सहीबद्दल शिक्षा केली! तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि वर्गासमोर जे बोललो होतो ते वर्गासमोरच परत घेतले. निर्बंध हे मुलावरील अविश्वासाचे चिन्ह नसून त्याच्या माथी दुसऱ्याचा दोष येऊ नये म्हणून घातलेले छत्र होय, हे त्या दिवशी आम्हांस प्रथम कळले.

लहान मुलेच चुकतात असेही कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या घरातच परके शिरले. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ते जाहीर केले. प्रयोगासाठी केलेले, कोणाचे लक्ष नसलेले एक जुने खाते त्यांच्या हाती लागले. त्यास पासवर्डाखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. त्याच्या आधारे त्यांनी एक जुने प्रायोगिक ॲप गाठले. त्या ॲपला गरजेपेक्षा फार मोठे अधिकार पूर्वी केव्हा तरी दिले गेले होते व कोणी ते काढून घेतले नव्हते. त्या वाटेने ते वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पत्रांपर्यंत जाऊन पोहोचले. चोर मागच्या मोडक्या खिडकीतून आला, परंतु तिजोरीची किल्ली त्या खोलीत टांगलेली होती म्हणूनच त्याचे साधले. ज्यांनी कुलूप घडविले त्यांच्याकडे असे होते, तर आपण किती जपावे?

आता उपाय पाहू. एन्ट्रा आयडीत व्यवस्थापकाने सामान्य सदस्यांचे ॲप नोंदविण्याचे, नवे टेनंट उभारण्याचे व सुरक्षा-गट करण्याचे अधिकार बंद करावे; यासाठी सदस्यांच्या रचनेत साधे होय-नाहीचे पर्याय आहेत. पाहुण्यांस आमंत्रण देण्याचे काम नेमलेल्या माणसांकडेच ठेवावे, आणि आलेल्या पाहुण्यास आपली सारी यादी चाळता येणार नाही असे करावे. बाहेरच्या ॲपांस संमती देण्याचे काम मुलांकडे ठेवू नये. कंपनीही ही मोकळीक अलीकडे आवळू लागली आहे. मात्र नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. मुलास एखादे ॲप अभ्यासासाठी खरोखर हवे असेल तर त्याने विनंती करावी, व्यवस्थापकाने ते तपासावे व मंजूर करावे, अशी विनंतीची वाटही त्याच व्यवस्थेत आहे. ती उघडी ठेवावी. गूगलच्या शालेय योजनेतही १ सप्टेंबर २०२१ पासून वयाप्रमाणे निर्बंध आले असून, प्राथमिक व माध्यमिक शाळांतील सर्व सदस्य अठरा वर्षांखालील आहेत असेच ती, दुसरे काही सांगितले नाही तर, धरून चालते.

येथे तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली, दार लपविणे म्हणजे दार लावणे नव्हे. एन्ट्रा आयडीत सामान्य सदस्यास व्यवस्थापनाचे पान दिसू नये असा एक पर्याय आहे. तो निवडला की पुष्कळांस समाधान वाटते. परंतु आज्ञा लिहून काम करणाऱ्या साधनांनी तीच माहिती मागविता येते, म्हणून त्यास सुरक्षेचा उपाय मानू नये, असे कंपनी स्वतःच सांगते. पडदा सोडला, पण कडी घातली नाही, असा तो प्रकार होय.

दुसरी, अति आवळणेही घातक आहे. शिक्षकास स्वतःच्या वर्गाची सूचना लावण्यासही आठ दिवस वाट पाहावी लागली, तर तो कंटाळून दुसऱ्याचा पासवर्ड मागून घेतो. आणि एकच पासवर्ड चौघे वापरू लागले की 'तू कोण?' या पहिल्या प्रश्नासच अर्थ उरत नाही. कामास लागेल तेवढा अधिकार देणे हा तत्त्वाचा अर्धा भाग, व अधिक न देणे हा दुसरा. पहिला विसरून दुसराच पाळणारा व्यवस्थापक तत्त्व मोडतोच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निर्बंध केवळ धाकट्यांवर घालून थोरांनी मोकळे राहावे, हा न्याय नव्हे. सर्वाधिकारी खाती पाचांहून कमी असावीत, अशी मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे. ज्याच्याकडे असे खाते असेल त्यानेही रोजच्या पत्रव्यवहारासाठी वेगळे, साधे खाते वापरावे, आणि मोठा अधिकार कामापुरता घेऊन काम होताच परत ठेवावा. मुख्याध्यापकांचे पद मोठे आहे म्हणून त्यांच्या खात्यास सर्व किल्ल्या, ही समजूत चुकीची आहे. अधिकार मानासाठी नसतो, कामासाठी असतो. बदलून गेलेल्या शिक्षकाची किल्ली त्याच दिवशी फळ्यावर परत आली पाहिजे.

पालकांनाही येथे कर्तव्य आहे. २०२३ साली आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक म्हटले असून, काही अपवाद सोडता, बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, असे तत्त्व त्यात आहे. तेव्हा मुलाच्या हातून 'मान्य' म्हटले गेले म्हणजे पालकांचे काम संपले, असे नाही. आपल्या मुलाच्या खात्यात काय काय जोडले आहे, हे त्याच्या शेजारी बसून अधूनमधून पाहावे. आणि शाळेने कोणती दारे बंद केली व कोणती उघडी ठेविली, हे शाळेस निःसंकोच विचारावे. गंगाखेडच्या त्या गृहस्थांनी विचारले, यात त्यांनी आमच्यावर उपकारच केले. ज्या शाळेस या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तिने आपली दारे कधी मोजलीच नाहीत असे समजावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. तुमच्या खात्यात एखादे दार बंद आढळले तर दोन गोष्टी करू नका: ते फोडण्याच्या युक्त्या शोधू नका, आणि मनात हिरमुसूनही बसू नका. ते दार मला का हवे, त्यावाचून माझा कोणता अभ्यास अडला आहे, हे चार ओळींत लिहून आपल्या शिक्षकांकडे द्या. कारण पटले तर दार उघडेल. उद्या तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी बँकेत बसेल, कोणी दवाखान्यात रुग्णांची कागदपत्रे सांभाळील, आणि कोणी अशाच एखाद्या व्यवस्थेच्या किल्ल्यांचा फळाही सांभाळील. त्या दिवशी समोर येणाऱ्या दुबळ्या मनुष्याची माहिती तुमच्या हाती असेल. मला आज कामास किती हवे, हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय ज्यास शाळेतच लागली, त्याच्या हाती ती सुरक्षित राहील.

त्या गृहस्थांनी निघताना आपल्या मुलाकडे वळून म्हटले, "अरे, तुझ्या खात्याला बांध घातला, तुला नाही." आम्ही दोन पाने खर्चून जे सांगितले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. बांध घातल्याने शेत लहान होत नाही. माती मात्र वाहून जात नाही.